आबांचं जाकीट

आमच्या आबांचं अलेप्पीचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. आबा म्हणजे माझे वडील. घणसोली गावातले, सगळा जन्म खाडीकाठी गेलेला. केरळच्या सहलीत आम्ही अलेप्पीला कालव्यांतून फिरायला होडी ठरवली. चढताना आईने आबांचा हात घट्ट धरला, तर आबा मला म्हणतात, "घाबरते रे ती."

होडीवाल्याने लाइफ जाकीट पुढे केलं आणि आबा भडकलेच. "खाडीवरच्या मानसाला जाकीट? गावात तोंड दाखवू का नको?"

होडीवाला सोडेना, आबा ऐकेनात. माझी पाच वर्षांची परी हे बघत होती. तिने सरळ स्वतःचं जाकीट काढलं. "आबा नाय, तर मी पण नाय."

आबांनी मुकाट्याने घातलं. वर पट्टे दोनदा ओढून बघितले.

उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीनं वाचवलं बघ. मना पोवाला येतच नाय. पन तुझे आईला सांगू नको."

मला राहवतंय होय! लगेच जाऊन आईला सांगितलं.

आई हसायला लागली. "मंग पन्नास वरसं होडीत चढताना मी त्यांचा हात कशाला धरते?"