डावीकडे ओढणारी गाडी

— नाही नाही, हात लावा ना, तिला काय होतंय? अठ्ठेचाळीस वर्षं उभी आहे या कोठारात. रोझविटाचा मुलगा म्हणालात ना दारात? मग तर लावाच. तुमची आईच चालवायची ही. पत्रा पडलेल्या विमानाचा — युद्धानंतर दुसरा मिळायचा कुठं? — मीच ठोकून ठोकून वळवला. इंजिन बव्हेरियातलं, लढाईच्या आधीचं, सहा सिलिंडरचं. ते पुढं, म्हणून हे एवढं लांब नाक, आणि बसायचं पार मागच्या चाकांपाशी. पुढं सगळ्यांनी इंजिनं मागं नेली — नेऊ देत. आमच्या आयफेलच्या डोंगरात ही कशी वळायची, ते तुमच्या आईला विचारा. म्हणजे — विचारायला हवं होतं. फेब्रुवारीत गेली म्हणालात. हो. ऐकलं मी.

बसा त्या टायरवर. सप्टेंबरात लग्न व्हायचं होतं आमचं, हे बोलली होती का कधी? नाही? बरं. शर्यत जूनमधली. एका मोटारींच्या कारखान्याचा मोठा माणूस बघायला येणार होता — तिला नाही हो, गाडीला, म्हणजे मला. नोकरी जवळपास ठरलेलीच. शनिवारी सरावातून उतरली, हातमोजे काढत म्हणाली, "योखेम, डावीकडे ओढतेय रे ही." मी काय म्हणालो? म्हणालो, "गाडी ठीक आहे, तुझ्या मनगटात जोर नाही." सगळ्यांसमोर. हसले सगळे. तीही हसली.

रविवारी शर्यतीत, उतारावर, त्या मोठ्या झाडांपाशी — हे नाक चेपलंय ना, ते तेव्हाचं. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात गेलो, तर मलाच म्हणते, "माझंच चुकलं, तू सांगितलं होतंस. तुझी गाडी घालवली मी." आणि मी? मी म्हणालो, "असू दे, होतं असं." पुन्हा गेलोच नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार? लोक म्हणाले, गाडी मोडली म्हणून रुसलाय. तिलाही तसंच वाटलं असणार. हात बरा झाल्यावर कोलोनला गेली, मावशीकडे.

काय म्हणालात? — कधीच नाही? तुमचे बाबा शेजारी बसतो म्हणाले, तरी जन्मभर स्टिअरिंगला हात नाही लावला? ... निरोप? मला? शेवटच्या दिवसांत? — सांगा. — "योखेमला सांग, त्या गाडीचं मला अजून वाईट वाटतं." असं म्हणाली. असंच?

थांबा. जरा थांबा.

स्टिअरिंगच्या दांड्याला तडा होता. मीच जोडलेला दांडा. शनिवारी संध्याकाळी, ती जेवायला गेल्यावर, खाली शिरून बघितलं मी — केसाएवढा तडा. दांडा बदलायचा तर रविवार गेला असता. वर ग्रीस फासलं. म्हटलं, बारा फेऱ्या टिकेल. पाच टिकला. तिच्या मनगटात काही कमी नव्हतं हो — अख्ख्या आयफेलमध्ये तसं मनगट नव्हतं कुणाचं, आणि हे मला माहीत होतं, बोलतानाही माहीत होतं. नंतर एक पत्र टाकता आलं असतं. कोलोन काय, तासाभराचा रस्ता. दरवर्षी म्हणायचो, या वर्षी जाऊ. म्हणायचो आणि इथं येऊन हिच्यावरची धूळ पुसायचो.

असं बघू नका माझ्याकडे. नाही — बोलूही नका काही. तुमचा कोट राहिला तिथं, घ्या तो. आणि जाताना दार लोटून घ्या.