झिजून गेलेला कुत्रा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संग्रहालयाचे माननीय संचालक महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले इतिहासाचे प्राध्यापक सर, माझी ओळख करून देणाऱ्या ग्रंथपालबाई, माझे सर्व सहकारी, आणि दुसऱ्या रांगेत बसून ‘आटोपतं घ्या’ अशा खुणा आत्तापासूनच करणारी आमची ही, सर्वांना नमस्कार.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, यांनी ‘बऱ्याच वस्तू’ बनवल्या. बऱ्याच म्हणजे किती? सांगूनच टाकतो. सव्वीस वर्षांत या दोन हातांनी मनोऱ्याच्या घड्याळाची चौदा चाकं कापली, दोन लंबक बनवले, एकतीस काचपेट्या केल्या आणि त्यांच्या कुलपांच्या बासष्ट किल्ल्या घासल्या. मी आत्ता ज्याच्यामागे उभा आहे तो लाकडी स्टँडही माझाच. तो डुगडुगतो, कारण त्याचा एक पाय नंतर कंत्राटदाराने बदलला. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही. बिघडलेल्या वस्तू उघडत गेलो आणि त्यांनीच शिकवलं.

निरोपाच्या वेळी माणसाने गोड बोलावं, हे मला ठाऊक आहे. बोललोही असतो. पण येत्या सोमवारी मनोऱ्याच्या पायथ्याशी पितळी फलक बसतोय, आणि पितळेवर कोरलेलं खोडरबराने जात नाही. म्हणून आजच बोलणं भाग आहे.

त्या फलकावरची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शंभर वर्षांपूर्वी मनोऱ्याच्या घड्याळाला चावी देणारा चावीवाला वारला. त्याचा इमानी कुत्रा धन्याच्या दुःखाने झिजून झिजून गेला; पण जाण्याआधी अकरा दिवस त्याने दातांनी दोर ओढून तासातासाला घंटा वाजवली. इतिहासातल्या अद्भुत, अपरिचित गोष्टींवरच्या सरांच्या पुस्तिकेत ती पहिल्या पानावर आहे. पहिल्या आवृत्तीत नुसता कुत्रा होता. दुसऱ्या आवृत्तीत त्याला नाव मिळालं. तिसऱ्या आवृत्तीत रंग: तांबूस, डाव्या कानावर पांढरा ठिपका. डाव्याच का, हे सरांना माहीत!

हे सगळं आलं कुठून? घड्याळाच्या जुन्या नोंदवहीतून. तिथली नोंद मी जशीच्या तशी वाचतो. ‘चावीवाला वारला. कुत्रा झिजून गेला. अकरा दिवस दोर ओढून घंटा वाजविली. चूक नाही. नवा कुत्रा बसविला. घड्याळ चालू.’

मंडळी, तुमच्यापैकी निम्मे लोक आज सायकलवर आलात. पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून टिक-टिक येते ना? ती कशाची? दातेरी चक्रात अडकून त्याला उलटं फिरू न देणारी लोखंडाची जीभ असते तिची. तिला सायकलवाला काय म्हणतो? कुत्रा! दात धरतो, सोडत नाही, म्हणून कुत्रा. घड्याळाचं वजन तोलून धरणाराही तोच. तो झिजला, वजन खाली आलं, घड्याळ बंद पडलं. घड्याळाच्या पेटीच्या तळाशी मला तो सापडला. हा बघा, खिशात आणलाय. बोटाएवढा आहे. कानावर ठिपका नाही.

हे घेऊन मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, “जुनं दप्तर वाचायला अभ्यास लागतो हो.”

म्हटलं, “घड्याळ उघडायलाही लागतो. ‘नवा कुत्रा बसविला’ म्हणजे काय, मग?”

“गावाने दुसरा पाळला. पाहिजे तर ‘बसविला’ म्हणजे राखणीला बसवला.”

“आणि दुपारी बारा वाजता बारा टोल कुत्र्याने मोजले कसे?”

सर म्हणाले, “इमानाला मोजमाप नसतं.”

मी घरी आलो. हिने विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही, कुत्रा चावला.” तिने घाबरून दवाखान्यात न्यायला पायांत चपला सरकवल्या. म्हणजे घरातसुद्धा तीच गत!

नुसत्या कुत्र्याचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच नोंदवहीचं पान उलटलं, ते सरांनी उलटलं नव्हतं, तर मागे दवाखान्याच्या खर्चाची एक ओळ आहे. ‘चावीवाल्याची बायको. दोराने तळहात सोलले. मलम दोन डब्या.’

बस्स, एवढंच. तिचं नाव नाही. नवरा गेलेला, घड्याळ बंद पडलेलं, आणि नवा कुत्रा घडवून येईपर्यंत ही बाई वर जाऊन दोर ओढत बसली. दिवसाचे एकशे छप्पन्न टोल. अकरा दिवसांचे सतराशे सोळा. मी एकदा प्रयोग म्हणून एक दिवस तो दोर ओढून पाहिला. दुसऱ्या दिवशी हातात कानस धरवेना. तिची झोप कधी झाली असेल, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता आलेलं नाही. आणि तिच्या जागी आपण काय उभं करतोय? कुत्रा!

मी संचालक साहेबांना म्हटलं, फलकावर खाली चार बोटं जागा आहे, तिथे एक ओळ घाला. साहेब म्हणाले, “मास्तर, लहान मुलांना कुत्रा आवडतो. बाई वाचून कोण तिकीट काढणार?” साहेब, तुम्ही आत्ता घड्याळाकडे बघताय ते मला दिसतंय. जागा अजून आहे. ओळ मी लिहून आणली आहे, दहा शब्दांची. ती मी तुमच्या पुढ्यात ठेवतो.

सव्वीस वर्षं माझी किरकिर सोसणाऱ्या सहकाऱ्यांचे, ओळख करून देणाऱ्या ग्रंथपालबाईंचे आणि इथवर ऐकून घेणाऱ्या सरांचेही मनापासून आभार. आवाज चढला असेल, मानाचा एखादा शब्द राहून गेला असेल, तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजून पोटात घाला. आकड्यात चूक निघाली, तर मात्र घालू नका. घरी येऊन सांगा.

आणि मी मुदतीआधी का चाललोय, अशी कुजबुज आहे, तिचंही उत्तर देतो. गेल्या महिन्यात संग्रहालयाकडून मला विचारणा झाली, की मनोऱ्यात एक यांत्रिक कुत्रा बसवून द्या. तासाला झडप उघडेल, तो बाहेर येईल, तोंडाने दोर ओढेल, भुंकेल. मी म्हणालो, बाई बसवा, फुकट करतो. ते म्हणाले, कुत्राच. मी म्हणालो, नाही, आणि राजीनामा लिहून दिला. माझ्या हातात पडणार होते चार लाख दहा हजार, साहित्याचा खर्च वेगळा.