शब्दकोशातली आवस

मी मास्तरीण कशी झाले, सांगितलंय का तुम्हाला? बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. आमच्या मुरबे गावाहून पालघरच्या एका शाळेत मुलाखतीला गेले होते. वडील नव्हते, पाठीवर तीन भावंडं. नोकरी हवीच होती. घोटून घोटून शुद्ध बोलत होते. शेवटी हेडमास्तरांनी सहज विचारलं, "घरी कोण असतं?"

"आवस हाय," मी बोलून गेले. आमच्याकडे आईला आवस म्हणतात.

त्यांनी टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडला. "आवस म्हणजे अमावास्या. तुमच्या घरी अमावास्या राहते?"

त्यांच्या शेजारी बसलेले दोघे मास्तर हसले. माझे कान तापले. नोकरी तर गेलीच, असं धरून मी म्हणाले, "सर, हा कोश लिहिणारे मुरब्याला आले नसतील. आले असते तर माझ्या आवशीनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नसतं. मग हा अर्थ लिहायचा राहिला नसता."

हेडमास्तरांनी पेन काढलं, छापील अर्थाखाली काहीतरी लिहिलं आणि कोश माझ्याकडे वळवला. 'आई (मुरबे)' असं लिहिलं होतं.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "निम्मा वर्ग तुमच्यासारखाच बोलतो. आम्हाला कळत नाही, म्हणून पोरं गप्प बसतात."

बाहेर आले आणि पायरीवर बसूनच घेतलं, इतकं हलकं वाटलं.

घरी आवस दारातच उभी. "लागली काय नोकरी?"

"लागली. आन तुजं नाव पन मोठ्या पुस्तकात चढलं."

"अगो बाय! फोटू पन हाय काय?"