एका सकाळची मॅट

अपूर्वा : तू ‘हो’ म्हणालीसच कशी, प्रिती? एवढंच सांग मला.

प्रिती : हळू बोल गं. पोरांची प्रॅक्टिस चाललीय आत. ऐकतील.

अपूर्वा : ऐकू देत! शाळेला अनुदान सरकारचं, कबड्डीची मॅट सरकारी पैशाची, आणि जूनपासून आपण गच्चीवर सिमेंटवर ढोपरं सोलतोय. म्हणून तर शिक्षण खात्यात तक्रार केली मी. स्वतःच्या नावानं! साहेब तपासायला आले, आणि आमची कॅप्टन काय सांगते?

प्रिती : ते म्हणाले, ‘मुलींना मॅट मिळते का?’ मी म्हटलं, ‘हो.’

अपूर्वा : कधी मिळते? कुठे मिळते?

प्रिती : अगं, साहेब आले त्या सकाळी मिळाली होती ना! सरांनी स्वतः अंथरून दिली. पोरांचे बूट दिले. मला केवढे मोठे होत होते, मी पुढे कागद कोंबला. पहिल्याच चढाईला आपटले आणि लागलंच नाही गं! हसूच आलं मला.

अपूर्वा : सगळ्याच हसत होतो. येड्यासारख्या.

प्रिती : तू सुभद्राला पकडलंस तेव्हा केवढ्यानं ओरडलीस! अख्ख्या लालबागला ऐकू गेलं असेल. साहेब टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मला विचारलं. धाप लागलेली, बाजूला मोठ्या बाई उभ्या. निघून गेलं तोंडातून. पण तू कुठे होतीस तेव्हा?

अपूर्वा : मोठ्या बाईंनीच पिटाळलं. ‘अपूर्वा, साहेबांसाठी चहा सांगून ये.’ आले तर साहेब फाटकाबाहेर पडत होते.

प्रिती : मग? तोंडं पाडून बसायला हवं होतं का आपण? मॅट समोर असताना?

अपूर्वा : ...नसतं जमलं. मलाही नसतं जमलं.

(पटांगणाच्या जाळीचं दार उघडून खेळाचे प्रफुल्ल सर बाहेर येतात.)

प्रफुल्ल सर : काय गं, इथेच उभ्या? गच्चीवर चला. रविवारी जिल्ह्याची निवड आहे तुमची.

अपूर्वा : सर, निवड मॅटवर आहे. बूट घालून. एक संध्याकाळ तरी द्या ना आम्हाला.

प्रफुल्ल सर : खात्याचं उत्तर आलंय, बाळा. तक्रारीत तथ्य नाही. मुली मॅटवर आनंदानं खेळताना दिसल्या, असं लिहिलंय त्यांनी. आता मी कुठल्या तोंडानं मागू?

अपूर्वा : तुम्हाला तर माहितीय ना, सर.

प्रफुल्ल सर : मला माहीत असून काय होतंय? ...आणि प्रिती, त्या दिवशीचे बूट तुझ्याकडेच राहिलेत. ध्रुव थांबलाय आत.

अपूर्वा : देऊ नकोस, प्रिती. रविवारी काय घालशील?

प्रिती : त्याचेच आहेत ते, अपू. थांबा हं सर, पुढचा कागद काढते. त्याला घट्ट होतील.