चिंधीचा भोपळा

(अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारी. मोबाईलवर.)

अंबूबाई : सकाळधरनं कुठं गायब हायसा? हितं सांडगं वाळत घातल्यात, कावळं हाकायला कोण न्हाई. पलूसला पुडीतलं बी आणायला गेलायसा न्हवं? मला नगं त्ये.

लालासाहेब : पलूसला न्हाई गं. आदी सांग, राग गेला का?

अंबूबाई : कसा जाईल? बियासाठी एकच दुधी भोपळा वेलावर ठिवल्याला. वर चिंधी बांधली व्हती. चिंधीच्या भोपळ्याला हात लावायचा न्हाई, ह्ये गावातल्या पोरासोरांनाबी ठावं हाय. आन तुमी वाळल्याल्या वेलासकट पेटवून दिलासा.

लालासाहेब : सव्वीस वर्सं पलटणीत गेली. कचरा दिसला की हात थांबत न्हाई. चिंधीबी कचराच वाटली मला.

अंबूबाई : लग्नात आयनं माझ्या वटीत घातल्यालं बी त्ये. दर आखितीला लावत आले. आय गेली, तिच्या हातचं तेवढंच उरलं व्हतं. उद्या आळ्यात काय टाकू?

लालासाहेब : म्हणून तर माणला आलोय. तुझ्या माहेरी.

अंबूबाई : आवं, तिथं कोण हाय आता? दादा मुंबैला, घराला कुलूप.

लालासाहेब : कुलूपच हाय. पर शेजारच्या कोंडीबामामांच्या छपरावर वाळका भोपळा हाय. तुझ्या आयनंच त्यास्नी बी दिल्यालं.

अंबूबाई : मग? दिलं का त्यांनी?

लालासाहेब : मूठभर दिलं. आदी लय बोललं मला. जावई, सासू गेली तवा कुठं व्हता, म्हणलं.

अंबूबाई : तुमी काय म्हणलासा?

लालासाहेब : सुट्टी मिळाली न्हाई, म्हणलो. तुलाबी त्येच सांगितलं व्हतं. खरं सांगू, अंबू? मी मागितलीच न्हवती.

अंबूबाई : ठावं हाय मला.

लालासाहेब : कवापासनं?

अंबूबाई : तवाच. फोनवर तुमचा आवाज ऐकला आन कळलं. लय वाईट वाटलं व्हतं.

लालासाहेब : आन कवा बोलली न्हाईस?

अंबूबाई : तुमी सांगचाल म्हणून थांबले. आता कुठं हायसा?

लालासाहेब : तुझ्या आयच्या उंबऱ्यापाशी. दीडची गाडी हाय, निघतो.

अंबूबाई : जाऊ द्या दीडची. बसा जरा तिच्यापाशी. आळी मी करून ठिवते.