दानिएलभाऊले सलाम

प्रवचनात झोप येते म्हणतं ना तू? मंग आमच्या सदर भागातल्या चर्चमधला मागचा रविवार ऐक गा.

आमचे पास्टर बायबलमधलं रोमकरांस पत्र ओळीओळीनं समजावून राहिले होते. त्या दिवशी शेवटचा अध्याय होता. त्यात नुसती नावंच नावं, याले सलाम सांगा, तिले सलाम सांगा. मी बायकोच्या कानात म्हटलं, "आज लवकर सुटतो वं."

पास्टरांनी नावं वाचली, बायबल मिटलं अन् त्याच आवाजात पुढं चालूच ठेवलं. "काटोलहून पहिल्या बसनं येणाऱ्या मार्थाबाईले सलाम सांगा. कोणी यायच्या आधी चर्च झाडून ठेवणाऱ्या शमुवेलले सलाम सांगा." ज्याचं नाव येई, त्याची मान वर होई.

मंग म्हणाले, "जरीपटक्याच्या दानिएलले सलाम सांगा."

सारे एकमेकांकडं पाहू लागले. ख्रिसमसचा तारा कुठं टांगायचा यावरून दानिएलभाऊचं आमच्या योसेफकाकाशी वाजलं होतं. तेव्हापासून दानिएलभाऊ चर्चची पायरी चढला नव्हता.

पास्टरांनी विचारलं, "कोण सांगते?"

जो तो बायबलची पानं चाळू लागला. शेवटी पहिल्या बाकावरून योसेफकाकाच उठले. "मी सांगून येतो," म्हणाले अन् सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेले.

पास्टर तसेच उभे. बाहेर काकाची जुनी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं पास्टर हळूच म्हणाले, "आमेन."