कडी घातलेलं फाटक

(पश्चिम क्वीन्सलंडमधला कच्चा रस्ता, भर दुपार. क्लेम गाडी चालवतोय. शेजारी त्याची बायको नॉरीन. शहराची वाट सांगणारं यंत्र चालू आहे.)

नॉरीन : बंद कर रे त्या बाईला. जन्म गेला इथे आणि ही आपल्याला रस्ता शिकवते.

क्लेम : बोलू दे. अजून तिकडेच पाठवते का, कळायला हवं.

यंत्र : पुढे डावीकडे वळा.

नॉरीन : घे. कळलं. नकाशावाल्यांना किती वेळा कळवलं, ती वाट तुझ्या आजोबांच्या वेळची, पुढे नुसती वाळू.

क्लेम : तिथे तहानेनं गेलेल्या त्या दोघांना याच आवाजात सांगितलं असेल तिने.

नॉरीन : क्लेम, नको आता.

क्लेम : तेव्हा रोज जात होतो मी इथून. फाटक लावलेलं दिसायचं. म्हटलं, आत कोण असणार?

नॉरीन : पाटी आपलीच ना? ‘फाटक जसं होतं तसं ठेवा.’ शहरातली असून वाचली त्यांनी. उतरून कडी घातली. गाडी रुतल्यावर तिच्या सावलीतच बसून राहिली, सांगतात तशी. काहीच चुकलं नाही रे त्यांचं.

क्लेम : तेच तर.

नॉरीन : आता फाटकाशी का थांबलास? दवाखान्याची वेळ टळेल. दर खेपेला उतरायचं, जमीन बघायची...

क्लेम : तूच बघ. सकाळी वारा केवढा होता?

नॉरीन : अंगणातल्या खुर्च्या उडाल्या.

क्लेम : मग हा चाकांचा माग वाऱ्यानंतरचा. आत गेलाय. बाहेर आलेला नाही.

नॉरीन : फाटक तर बंद आहे.

क्लेम : हो. व्यवस्थित. कडी घालून.

नॉरीन : ...मागे पाण्याचे कॅन भरलेत?

क्लेम : त्या वेळेपासून रिकामे ठेवलेत कधी?

नॉरीन : मी रेडिओवर पोलिसांना सांगते. दवाखाना राहिला. तू फाटक उघड.

यंत्र : डावीकडे वळा.

क्लेम : वळतोय बाई.

नॉरीन : सावकाश घे, खांबाला घासशील. हं, आलो आत.

क्लेम : थांब, उतरून कडी घालतो. हात आपोआप जातो बघ.

नॉरीन : नको, क्लेम. उघडंच राहू दे.